दाट लागवडीला चालणारा मका घरच्या नर्सरीत कसा घडवायचा

खरीप तोंडावर आला की फोन सुरू होतात, एकरी झाडं वाढवली तर उतारा वाढेल का. माझं उत्तर दरवर्षी तेच, वाणावर आहे, आणि समोरचा दरवर्षी तसाच वैतागतो. पण खरंच वाणावरच आहे हो. एखादा हायब्रीड ६० बाय २० सेंमी अंतरावर भरगच्च कणसं देतो आणि तोच ६० बाय १५ वर नेला की दर सहा-सात झाडांमागे एक झाड नुसतं ताट होऊन उभं राहतं, कणीसच धरत नाही. आणि दुसरा एखादा दिसायला किरकोळ वाण तेवढ्याच गर्दीत झाडटी एक कणीस सोडत नाही. हा दुसऱ्या प्रकारचा मका कसा तयार करतात ते लिहितोय. मी बारा वर्षं एका बियाणे कंपनीच्या नर्सरीत, म्हणजे नवे वाण तयार करायच्या शेतात, परका पराग येऊ नये म्हणून कणसांना पिशव्या बांधल्या, आता गावाकडं दीड एकरात हाच उद्योग करतो, त्यामुळे लॅबमधलं कमी आणि बांधावरचं जास्त सांगेन.

आधी अंतराचे आकडे डोक्यात बसवा. ७५ बाय २० सेंमी म्हणजे हेक्टरी ६६,६६६ झाडं. ६० बाय २० म्हणजे ८३,३३३, एकरी ३३,७०० च्या आसपास. ६० बाय १५ केलं की हेक्टरी १,११,१११, म्हणजे एकरी ४५ हजाराला गेलं. आपल्याकडच्या नेहमीच्या शिफारशी पहिल्या दोन अंतरांच्या. आता समजा ६० बाय ३० वर झाड १४० ग्रॅम दाणे देतंय, हेक्टरी ५५,५५५ झाडं, म्हणजे ७७-७८ क्विंटल. तेच ६० बाय १५ वर झाड घसरून ८० ग्रॅमवर आलं तरी ८८-८९ क्विंटल होतात, फायदाच. पण त्याच गर्दीत शंभरातली १५ झाडं वांझ निघाली तर गाडी ७५ क्विंटलवर येते, विरळ लावलेल्यापेक्षा कमी, आणि बियाण्याचा खर्च दुप्पट झाला तो वेगळा. म्हणजे दाट लागवडीत खेळ कणसाच्या साइजचा नाहीये, वांझ झाडांचा आहे. हे एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं होतं, कारण मग आपण शेतात फिरताना मोठं कणीस शोधत नाही.

याचा सगळ्यात मोठा पुरावा अमेरिकेतला आहे. तिथे १९३० च्या दशकात हेक्टरी ३० हजाराच्या आसपास झाडं असायची, आज ८० हजाराच्या आसपास असतात आणि उतारा कितीतरी पट वाढलाय. पायोनियर या बियाणे कंपनीत डोनाल्ड डुविक नावाचे ब्रीडर, म्हणजे नवे वाण घडवणारे, होते, त्यांनी १९३० च्या दशकापासूनचे जुने-नवे हायब्रीड एकाच शेतात लावून बघितले, काही प्लॉट एकदम विरळ, हेक्टरी १० हजार झाडं, आणि काही दाट, ७९ हजारापर्यंत. विरळ प्लॉटमध्ये आजोबा हायब्रीड आणि नातू हायब्रीड एका झाडामागे जवळपास सारखेच उतरले. दाट प्लॉटमध्ये मात्र नातवानं आजोबाला कुठच्या कुठं मागं टाकलं. म्हणजे इतक्या वर्षांच्या ब्रीडिंगमध्ये एकेका झाडाची ताकद फारशी वाढलेलीच नव्हती, वाढली होती ती गर्दी सोसायची ताकद. आणि ती आली कुठून, तर ब्रीडर लोक चाचणीच्या प्लॉटमध्ये दर काही वर्षांनी झाडं थोडी थोडी वाढवत गेले आणि जे टिकलं ते ठेवत गेले.

मला हे सगळं मुंबईच्या लोकलमधल्या चौथ्या सीटसारखं वाटतं. जो माणूस कोपर पसरून बसतो तो एकटा असेल तर रुबाबदार दिसतो, पण त्याच्यामुळे बाकाचा चौथा माणूस उभाच राहतो. आपल्याला अंग चोरून बसणारा, तरीही डबा उघडून जेवणारा मका पाहिजे.

गर्दीत झाडाचं नेमकं होतं काय ते थोडक्यात. शेजारच्या पानावरून परत आलेल्या उजेडात लाल किरण कमी आणि त्याच्या पलीकडचे, डोळ्याला न दिसणारे लांब लाल किरण जास्त असतात. झाड त्यावरून ओळखतं की शेजारी कोणीतरी आहे, आणि सावली पडायच्या आधीच उंच पळायला लागतं. ताट बारीक होतं, कणीस वर सरकतं, आडवं पडायची भीती वाढते. दुसरं म्हणजे अन्न कमी पडलं की झाड आधी तुऱ्याचं भागवतं आणि कणसाला उरलंसुरलं देतं. त्यामुळे तुरा वेळेवर येतो पण कणसाचे केस उशिरा बाहेर पडतात. एका शेतात पराग गळण्याचा जोर पाच-सात दिवस असतो, केस त्याच्यानंतर आले की दाणे भरायला परागच शिल्लक नसतो. तुरा आणि केस यांच्यातलं हे दिवसांचं अंतर (पुढे नुसतं अंतर म्हणेन) माझ्या मते दाट लागवडीच्या ब्रीडिंगमधला सगळ्यात कामाचा आकडा आहे, आणि तो मोजायला वही-पेन सोडून काही लागत नाही. मेक्सिकोतल्या सिमिट या संस्थेनं दुष्काळ सोसणारा मका निवडताना हाच आकडा धरला होता. म्हणून गर्दीत निवडलेल्या मक्याला पावसाच्या खंडातही थोडा हात मिळतो, कणसावर येणारं संकट दोन्हीकडे तेच असतं.

आता कामाला लागू. पहिला प्रश्न, सुरुवात कशापासून करायची. गावठी मक्यापासून करू नका, त्यात चव असेल, कणखरपणा असेल, पण ताट उंच आणि पानं केळीसारखी पसरट. आणि चाऱ्याचा आफ्रिकन टॉल तर आपल्याला जे पाहिजे त्याच्या बरोबर उलटा प्राणी आहे. सोपा रस्ता म्हणजे बाजारातले चार-पाच चांगले सिंगल क्रॉस (दोन पक्क्या लाईनींच्या संकरातले) हायब्रीड घ्या, जे दाट लावलेले असताना तुम्ही स्वतः बघितलेत, आणि त्यांचं सेल्फिंग करून, म्हणजे झाडाचा पराग त्याच्याच कणसावर टाकून, पुढची पिढी, एफ-टू, काढा. असं पिढ्यान्‌पिढ्या सेल्फिंग करून जी एकसारखी वंशावळ पक्की होते तिला लाईन म्हणतात. कायद्याचं विचारतात लोक, तर पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१, नवीन वाण तयार करायला नोंदणी झालेला वाण मूळ सामग्री म्हणून वापरू देतो. मात्र दुसऱ्याची नोंदणी झालेली मूळ लाईन तशीच दरवर्षी आई-बाप म्हणून वापरून धंदा करता येत नाही, त्याला परवानगी लागते.

हे हायब्रीड दोन गटात वाटा. अ गटातल्या लाईनी ब गटातल्या लाईनींशी जुळल्या की जोम दिसतो, अ ला अ शी जुळवलं तर बऱ्याचदा काही हाती लागत नाही. सुरुवातीला कोण कुठल्या गटातलं हे माहीत नसतं, मग हायब्रीडांचे आपसात क्रॉस करून एक हंगाम बघावं लागतं. कंटाळवाणं आहे पण हे चुकवलं की तीन वर्षांनी रडायची वेळ येते.

एफ-टू लावताना लोक पहिली चूक करतात ती इथे. भारी बियाणं आहे, मेहनतीचं आहे, म्हणून ७५ बाय ३० वर ऐसपैस लावतात आणि मग सुंदर सुंदर झाडं निवडतात. असं निवडलेलं झाड ऐसपैस जागेतला राजा असतो, गर्दीत त्याचं काय होईल ते तुम्हाला काहीच माहीत नसतं. एफ-टू ६० बाय १५ वर लावा, कमीत कमी ५०० झाडं, हजार असतील तर उत्तम. प्रत्येक ठिकाणी दोन बिया टोका आणि बारा-पंधरा दिवसांनी विरळणी करून एकच ठेवा म्हणजे मध्ये जागा रिकामी राहत नाही. तरी कुठे नांगी पडलीच तर ती भरू नका. उशिरा भरलेलं झाड शेजाऱ्यांच्या सावलीत खुरटतं आणि उगाच आपल्याला फसवतं. आणि ज्या झाडाच्या शेजारी नांगी आहे ते झाड कितीही देखणं असलं तरी निवडायचं नाही, त्याला दुसऱ्याचा उजेड फुकट मिळालेला असतो. निवडीला पात्र झाड तेच ज्याच्या दोन्ही बाजूंना आणि दोन्ही शेजारच्या ओळींत झाडं उभी आहेत. हा एक नियम पाळला तरी अर्धी निवड सुधारते.

काही ब्रीडर याच्या उलट मानतात, की एकेकट्या झाडाची खरी कुवत एकदम विरळ जागेतच दिसते, गर्दीत शेजाऱ्यांच्या मारामारीत ती झाकली जाते, म्हणून सुरुवातीची निवड विरळ आणि शेवटची परीक्षा दाट. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण एफ-टू मध्ये शेजारी प्रत्येक झाड वेगळं असतं आणि आडदांड झाड हळव्या झाडाला दाबतं. पण माझ्यासारख्याकडं जागा कमी, हात कमी, तिथे गर्दीतच निवडलेलं परवडतं.

मग झाडात बघायचं काय. पानापासून सुरू करतो कारण तिथेच लोक जास्त गंडतात. कणसाच्या वरची पानं ताठ, ताटापासून १५ ते २५ अंशांत उभी पाहिजेत, म्हणजे उजेड खाली कणसाजवळच्या पानांपर्यंत उतरतो. कणसाच्या खालची पानं थोडी आडवी असली तरी चालतात, उलट आलेला उजेड तीच पकडतात. कोन मोजायला मोबाइलचं ॲप पण आहे आणि शाळेतला कोनमापक पण चालतो. मोजायचं मात्र सकाळी. मी पहिल्या वर्षी दुपारी दोन वाजता ऊन चढलेलं असताना मोजणी केली, पानं सुरळी होऊन उभी झालेली, मला वाटलं वा काय ताठ पानाच्या लाईनी मिळाल्या, पन्नास टॅग बांधले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी दिल्यावर बघतो तर निम्म्या लाईनी गुडघे टेकून बसल्यासारख्या. ती पानं ताठ नव्हती, तहानलेली होती.

हा पानाचा कोन पान आणि ताट जिथं जुळतं तिथल्या पातळ पापुद्र्याशी आणि त्याच्या दोन बाजूंच्या पाचरीसारख्या भागाशी बांधलेला असतो. लिग्युललेस नावाचे जीन बिघडले की तो पापुद्राच नाहीसा होतो आणि पान ताटाला चिकटून सरळ वर जातं. २०१९ मध्ये चीनच्या कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी मक्याच्या रानटी पूर्वजात, टिओसिंटेत, असा एक तुकडा शोधला जो पान उभं करतो आणि मका माणसाळवताना हरवलेला होता, तो आजच्या हायब्रीडात परत आणल्यावर दाट लागवडीत उतारा वाढला. आपल्याकडे चाऱ्याला मकचरी लावतात ना, टिओसिंटे त्याच कुळातलं. चीनमध्ये ताठ पानांचा मका त्याच्या बराच आधीपासून चालत आलाय. शानडोंग प्रांतातले ली डेंगहाई हे मूळचे शेतकरी, १९७० च्या दशकापासून आटोपशीर बांध्याच्या मक्याच्या मागे लागले. २००० साली आलेला झेंगदान ९५८ हा हायब्रीड कित्येक वर्षं चीनमध्ये सगळ्यात जास्त क्षेत्रावर होता, त्याची एक मूळ लाईन डेंगहाईंच्या लाईनीतूनच निघालेली आहे. शेतकऱ्यानं ब्रीडिंग करू नये असं म्हणणाऱ्यांना मी हे नाव सांगतो.

तुरा लहान पाहिजे. मोठा झुपकेदार तुरा वरती छत्री धरतो आणि अन्नही खातो. फांद्या मोजा, वीस फांद्यांच्या तुऱ्यापेक्षा सात-आठ फांद्यांचा बरा. पण अगदी दोन-तीन फांद्यांवर आणून ठेवू नका, पुढे ती लाईन नर म्हणून वापरायची झाली तर पराग पुरत नाही.

अंतर मोजायची पद्धत अशी, झाडाचा पराग गळायला लागला ती तारीख आणि पहिले केस दिसले ती तारीख, दोन्ही टॅगवर. एफ-टू मध्ये झाडागणिक लिहा, पुढे लाईनी झाल्या की ओळीतल्या निम्म्या झाडांची तारीख. गर्दीतसुद्धा शून्य ते दोन दिवसांत केस आले तर सोनं, चार-पाचच्या पुढे गेलं तर बाकी झाड कितीही आवडू द्या, सोडून द्यायचं. केस तुऱ्याच्या आधी आले तरी वाईट नाही. विरळ जागेत दोन कणसं धरणारी झाडंही नजरेत ठेवा, ती गर्दीत एक कणीस सहसा सोडत नाहीत.

ताटाची परीक्षा काढणीच्या आधी आठवडाभर. जमिनीपासून दुसऱ्या-तिसऱ्या पेऱ्याला अंगठा आणि बोटात धरून चिमटा काढा, आत दबलं तर खोडकूज सुरू झालीय किंवा झाडानं दाणे भरायला ताटातली साखर उपसलीय. मग छातीच्या उंचीवर झाड ओळीच्या मधल्या जागेकडे ढकला, सोडल्यावर परत उभं राहिलं पाहिजे. दाट पिकात ताट आडवं पडलं की वारं एकाला पाडतं आणि तो दहांना पाडतो. कणीस झाडाच्या मध्याच्या थोडं खाली असेल तर बरं. झाड बुटकंच पाहिजे असं मात्र नाही. अमेरिकेतला उतारा इतका वाढला त्यात झाडाची उंची काही ठरवून कमी झालेली नव्हती, गव्हासारखी बुटक्याची क्रांती मक्यात झालीच नाही. आत्ता आत्ता बायरसारख्या कंपन्या आखूड पेऱ्यांचा मका बाजारात आणतायत तो वेगळा विषय.

शेवटचं, कणसावरचं वेष्टन वाळलं तरी पानं हिरवी आहेत का. गर्दीत खालची पानं आधी पिवळी पडतात, ते कणसाच्या वरपर्यंत चढत गेलं तर ती लाईन सोडा.

आता पिशव्यांचं, ज्याच्यात अर्धं आयुष्य गेलं. कोवळं कणीस बगलेतून डोकं काढतं त्या दिवशी, केस दिसायच्या आधी, त्याच्यावर बटर पेपरची पिशवी चढवायची. एक केस जरी आधी बाहेर पडला असेल तर ते कणीस सोडायचं, मोह करायचा नाही. केस दोन-तीन सेंमी झाले की संध्याकाळी कणसाचं टोक ब्लेडनं कापून परत झाका, सकाळपर्यंत ब्रशसारखे एकसारखे केस येतात. त्याच संध्याकाळी तुऱ्यावर जाड खाकी पिशवी घालून खाली घट्ट दुमडून क्लिप लावा, तुऱ्यावर बसलेला परका पराग रात्रीतून मरतो. सकाळी दव वाळल्यावर, नऊ ते अकराच्या दरम्यान, तुरा वाकवून पिशवीवर टिचक्या मारा, पराग पिशवीत जमला की पिशवी काढून झटकन त्याच झाडाच्या केसांवर ओता आणि तीच खाकी पिशवी कणसावर घालून ताटाभोवती स्टेपल करा. वर ओळ नंबर, झाड नंबर, तारीख. पेन्सिलनं किंवा वॉटरप्रूफ मार्करनं लिहा. मी एकदा साध्या जेल पेननं लिहिलं होतं, ऑगस्टमध्ये चार दिवस झड लागली आणि शंभरेक पिशव्यांवर फक्त निळे डाग राहिले. हंगाम गेला.

फुलोऱ्यात तुम्हाला कोन दिसतो, तुरा दिसतो, अंतर दिसतं, पण कणीस कसं भरणार ते दिसत नाही. म्हणून ८०-१०० झाडं सेल्फ करा आणि काढणीला त्यातली २५-३० च ठेवा. मात्र पिशवीत हातानं पराग टाकलेल्या कणसावरून गर्दीत दाणे किती धरतील याचा अंदाज बांधायचा नाही, तिथे केसांना पराग फुकट मिळालेला असतो.

पुढच्या पिढ्यांमध्ये एक गोम आहे जी मला बरीच उशिरा कळली. सेल्फिंग करत गेलं की लाईनी लहान, बारीक होत जातात. मग ६० बाय १५ वर त्यांना गर्दी जाणवतच नाही, आपण समजतो काय छान टिकल्या आणि त्या प्रत्यक्षात मोकळ्यात उभ्या असतात. लाईनींना गर्दी दाखवायची तर ६० बाय १० वर जावं लागतं, हेक्टरी एक लाख ६६ हजार झाडं. पण इतक्या दाटीत पिशव्या बांधता येत नाहीत, हात आत जात नाही. यावर उपाय म्हणजे प्रत्येक कणसाचं बी दोन वाटे करायचं. एका कणसावर दोनशे-तीनशे दाणे सहज असतात. एक वाटा नर्सरीत आरामशीर अंतरावर, तिथे सेल्फिंग करायचं. दुसरा वाटा बाजूच्या तुकड्यात ६० बाय १० वर, तिथे पिशवीला हातही लावायचा नाही, फक्त वांझ झाडं मोजायची, अंतर मोजायचं, आडवी पडलेली मोजायची. गर्दीच्या तुकड्यात जी लाईन पास झाली तिचीच नर्सरीतली कणसं पुढं न्यायची. थोडं बी कागदी पाकिटात, नीट वाळवून, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात राहू द्या, कधी चूक झाली तर परत यायला.

खरीप आणि रब्बी असे दोन हंगाम धरले तर एफ-टू पासून पाचव्या सेल्फिंगपर्यंत तीन वर्षं जातात. घाई असणाऱ्यांसाठी डबल्ड हॅप्लॉइड आहे. खास इंड्यूसर लाईनीचा पराग टाकला की शंभरात आठ-दहा दाणे असे मिळतात ज्यांच्यात फक्त आईचा गुणसूत्रांचा एकेरी संच असतो. दाण्यावरच्या जांभळ्या रंगावरून ते ओळखायचे, रोपांना कोल्चिसिन हे रसायन देऊन संच दुप्पट करायचा, की एका दमात पक्की लाईन. कोल्चिसिन विषारी आहे, घरी करायचं काम नाही. कर्नाटकात कुणिगलला सिमिट आणि बंगळूरच्या कृषी विद्यापीठाचं असं केंद्र २०२१ च्या डिसेंबरपासून आहे. पण हे लक्षात घ्या की या रस्त्यानं लाईनी लवकर मिळतात, गर्दीतली निवड काही आपोआप होत नाही, ती नंतर करावीच लागते.

दुसरं-तिसरं सेल्फिंग झालं की पाचव्याची वाट न बघता टेस्ट क्रॉस करा, म्हणजे लाईन हायब्रीडमध्ये कशी उतरते ते बघायला परीक्षेचा संकर. अ गटातल्या सगळ्या लाईनी ब गटातल्या एका चांगल्या टेस्टर लाईनीशी, आणि ब गटातल्या अ च्या टेस्टरशी. लाईन दिसायला राणी आणि हायब्रीडमध्ये कुचकामी, असं इतक्या वेळा बघितलंय की मी आता लाईनीच्या रूपावर भाळत नाही.

टेस्ट क्रॉसची चाचणी दोन गर्दींमध्ये घ्यायची, एक आज शेतकरी लावतात ती ६० बाय २० आणि एक त्याच्या पुढची ६० बाय १५. दोन्ही गर्दी एकाच प्लॉटमध्ये मिसळू नका, मोठा खण गर्दीचा आणि त्याच्या आत हायब्रीडांचे छोटे प्लॉट, असे तीन वेळा. प्रत्येक छोटा प्लॉट चार ओळींचा, पाच मीटर लांब, आणि काढणी फक्त मधल्या दोन ओळींची. दोन बाहेरच्या ओळी का सोडायच्या, तर तुमच्या साडेपाच फुटी हायब्रीडच्या शेजारी आठ फुटी हायब्रीड आला की त्याची सावली तुमच्यावर. पूर्ण चाचणीच्या भोवतीसुद्धा दोन-चार ओळी कुठलाही मका लावा. एका वर्षी माझा एक हायब्रीड सगळ्यांत वरचढ निघाला, मी महिनाभर हवेत, दुसऱ्या वर्षी तोच शेवटून तिसरा. नीट आठवलं तर पहिल्या वर्षी त्याचे तीनपैकी दोन प्लॉट पाटाच्या कडेला आलेले, पाणीही जास्त आणि उजेडही.

उतारा काढायचं गणित उदाहरणानं सांगतो. मधल्या दोन ओळी म्हणजे ५ मीटर गुणिले १.२ मीटर, ६ चौरस मीटर. कणसं भरली ७.२ किलो, दाण्यात ओलावा २५ टक्के, कणसाच्या वजनात दाणे ८० टक्के. मग ओले दाणे ५.७६ किलो. ते १५ टक्के ओलाव्यावर आणायचे म्हणून ७५ भागिले ८५ नं गुणा, ५.०८ किलो. हेक्टरचं काढलं की ८४-८५ क्विंटल, एकरी ३४ च्या आसपास. ओलावा न मोजता कणसांचं वजन लिहिणारे लोक बघितलेत, उशिरा येणारा हायब्रीड त्यांच्या वहीत दरवर्षी पहिला येतो, कारण तो ओला असतो.

निवडताना नुसता दाट प्लॉटचा आकडा बघू नका, दोन्हींतला फरक बघा. समजा एक हायब्रीड ६० बाय २० वर ८० देतो आणि ६० बाय १५ वर ७२ वर येतो, दुसरा ७६ वरून ८४ ला चढतो. आपला माणूस दुसरा. पण तिसरा एक असतो जो दोन्हीकडे ६५ देतो आणि अजिबात घसरत नाही, त्याला लोक फार सोशिक म्हणून डोक्यावर घेतात, तो सोशिक नाहीये, त्याला मुळात काही जमतच नाही. एका गावातल्या एका हंगामावर निकाल द्यायचा नाही हेही आलंच, निदान तीन ठिकाणी आणि दोन वर्षं.

आपल्याकडची हवा वेगळी आहे हे विसरू नका. मराठवाड्यात-खान्देशात खरिपाचा मका बराचसा पावसावर आणि जुलै-ऑगस्टमध्ये खंड पडतो तो नेमका तुऱ्याच्या आसपास. हलक्या जमिनीत, पावसावरच्या पिकात ६० बाय १५ चा हट्ट धरला तर कुठलाही वाण वाचवणार नाही. दाट लागवडीचा वाण भारी जमीन, ठिबक आणि रब्बीसाठी धरा, आणि खताचा हप्ताही त्या मानानं वाढवावा लागतो. दाटीत हवा खेळत नाही, खाली ओल राहते, करपा आणि खोडकूज वाढतात, म्हणून रोगाची निवड पण गर्दीच्या तुकड्यातच करा. लष्करी अळी २०१८ पासून आहेच, दाट पिकात पोंग्यात औषध पोचवणं अवघड जातं, फवारणीवाल्याला चालायला मध्ये मध्ये वाट सोडा.

आणि हायब्रीड पक्का झाला की बी तयार करायचा हिशोब. मादी लाईन स्वतः गर्दीत चांगली कणसं भरणारी पाहिजे, नाहीतर बी इतकं महाग पडतं की कोणी घेत नाही. मादीच्या चार ओळींमागे नराच्या दोन लावतात. मादीचे तुरे पराग गळायच्या आधी रोज सकाळी खुडायचे, एक दिवसही सुट्टी नाही. दुसऱ्या मक्यापासून किमान २०० मीटर लांब, आणि मूळ लाईनींचं पायाभूत बी करत असाल तर ४०० मीटर. लहान तुऱ्याचा नर निवडला असेल तर त्याच्या दोन ओळी एकाच दिवशी लावू नका, दुसरी ओळ चार-पाच दिवस उशिरा टोका, म्हणजे मादीचे शेवटचे केस येईपर्यंत पराग पुरतो.